पाठीवर हात ठेवून दहा

टोळीत मला सगळे बाम म्हणतात. सकाळी कामाच्या गाडीत आधी माझा वास चढतो आणि मागून मी. कपाळाला, कानशिलांना आणि मानेच्या मुळाशी असा तीन ठिकाणी बाम चोळल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. त्याने काही होत नाही. अकरा वर्षांत कधी झालं नाही. पण कातडी चुणचुणते तेवढा वेळ आतल्या दुखण्याकडे लक्ष कमी जातं, आणि माणसाला आपण काहीतरी केलं एवढं समाधान लागतंच.

डोकं दुखणं हे फार बिनइज्जतीचं दुखणं आहे. ठणका नसतो, उलटी नसते, ताप नसतो. डोक्याभोवती कुणीतरी पट्टा बांधलाय आणि रोज सकाळी एक भोक पुढे आवळतोय, बस. महिन्यातले वीस-बावीस दिवस हेच. पाय मोडला तर लोक भेटायला येतात. डोकं दुखतं म्हटलं की विचारतात, चष्मा तपासलास का? तपासला, दोनदा तपासला. डोळे ठणठणीत आहेत.

आमचं काम उंचीवरचं. पाण्याच्या टाक्या, दिव्यांचे मनोरे, कारखान्यांची धुराडी यांचा गंज खरवडायचा आणि रंग द्यायचा. माणसं जोडीने काम करतात, एक वर आणि एक खाली. वरचा रंगवतो. खालचा दोराने डबे वर पाठवतो आणि दिवसभर वर बघत राहतो. वरचा मी. खालचा माझा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मला या कामाला त्यानेच लावलं. सुरुवातीला तो वर असायचा आणि मी खाली. मग त्याच्या गुडघ्याने संप पुकारला आणि बारा वर्षांपूर्वी आम्ही जागा बदलल्या. टोळीचा नियम असा की जोडी फुटली की दोघांनाही घरी बसावं लागतं, कारण एकट्या खालच्याला कुणी विचारत नाही. साडूला निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. माझी लेक अजून शाळेत होती. मी वर चढत राहिलो तरच दोन्ही घरं चालणार होती, हे आम्हा दोघांना पाठ होतं आणि त्यावर आम्ही कधी बोलत नव्हतो.

चढायच्या आधी दहा मोजायची आमच्यात पद्धत आहे. कंपनीच्या कागदात ती कुठे नाही. कंपनीचा डॉक्टर वर्षातून एकदा डोळे बघतो, रक्तदाब बघतो आणि शिक्का मारतो. पण वर गेल्यावर कमरेच्या पट्ट्याचा हूक एका गजावरून काढून पुढच्या गजाला लावायचा असतो, आणि ते तीन-चार सेकंद माणूस फक्त आपल्या पायांवर असतो. त्या सेकंदांसाठी हे दहा. वरच्याने पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायचं. खालच्याने त्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध तळवा ठेवायचा आणि मोजायचं. तळव्याखाली पाठ हलली तर त्या दिवशी चढायचं नाही. वाद घालायचा नाही, चिडायचं नाही. रात्रीची उतरली नाही असे, तापातून उठलेले, घरी भांडून आलेले, कितीतरी जण या दहांत अडकलेत. मी बारा वर्षांत एकदाही अडकलो नाही. टोळीत माझं उदाहरण देतात. बामचं डोकं दुखत असेल, पण पाठ म्हणजे भिंत आहे.

साडूला त्याचा माझ्यापेक्षा जास्त अभिमान. तो जेवताना उजवा तळवा पुढे करून म्हणायचा, "याला काही लपत नाही. बायको चिडलीय की नाही हेसुद्धा हा पाठीवरून सांगेल."

"मग घरी का नाही वापरत?" मी विचारायचो.

"घरी पाठ मिळत नाही रे, तोंडच समोर असतं."

माझ्या बायकोच्या मात्र काहीतरी लक्षात आलं होतं. एकदा भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "अहो, तुम्ही हल्ली सगळीकडे धरून का उभे राहता?"

"कुठे धरतो?"

"आत्ता काय धरलंय?"

मी ओट्याची कड धरली होती. मला पत्ताच नव्हता. मग मी स्वतःवर पाळत ठेवली. दाढी करताना डाव्या हाताने बेसिन धरलेलं. पँट घालताना खांदा कपाटाला टेकलेला. जिना उतरताना कठड्यावरून बोट उचललं की मी पायरीवरच थांबायचो. हे कधी सुरू झालं ते सांगता येईना. बायकोने मला न विचारता फिजिओथेरपीच्या दवाखान्यात वेळ घेतली आणि साडूला फोन करून सांगितलं की यांना घेऊन जा, नाहीतर हे अर्ध्या वाटेतून पळतील. ती मला चांगली ओळखते.

दवाखान्यातल्या बाई अगदी तरुण. आल्या आल्या मला काका म्हणाल्या, तेव्हाच माझं निम्मं मन उडालं. मी अजून पन्नाशीला टेकलेलो नाही. त्यांनी मला अनवाणी उभं केलं, बाजूला छतापासून ओळंबा सोडला आणि फोटो काढला. ओळंबा आम्हीही वापरतो, त्यामुळे मला तो वाचायला कुणाची गरज नव्हती. घोट्यापासून वर गेलेली दोरी खांद्याशी बरोबर होती आणि कान तिच्या चार बोटं पुढे होता. माझं डोकं माझ्या आधी कुठेतरी निघालं होतं. एखादा खांब असा दिसला असता तर मी त्याच्यावर चढलो नसतो.

मग त्यांनी मला जमिनीवरच्या, वजनकाट्यासारख्या एका चौकोनी पाटीवर उभं केलं. समोरच्या पडद्यावर एक ठिपका होता. तुम्ही जसे हलाल तसा तो हलेल, म्हणाल्या. डोळे उघडे असताना ठिपक्याने लिंबाएवढं गिचमीड काढलं. हे ठीक आहे, म्हणाल्या. मग डोळे मिटायला सांगितले. मी पाय जुळवून ताठ उभा राहिलो, रोज उभा राहतो तसा, आणि मनात दहा मोजले. माझ्या मते मी जराही हललो नाही. डोळे उघडले तर ठिपक्याने अख्खा पडदा कोंबडीने अंगण उकरावं तसा उकरून ठेवला होता.

"यंत्र बिघडलंय," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. शांतपणे समजावू लागल्या. मान आपलं डोकं कुठे आहे ते मेंदूला सतत कळवत असते. तुमच्या मानेचे स्नायू वर्षानुवर्षं आवळलेले आहेत, म्हणून डोकं दुखतं, आणि आवळलेली मान चुकीची खबर देते. डोळे उघडे असतात तोवर ते सांभाळून घेतात. डोळे मिटले, मान वर केली, अंधार झाला की तुम्हाला तोल कळत नाही. बऱ्याच जणांचं असं होतं, फक्त बरेच जण खुर्चीत बसून काम करतात.

"पण मी रोज डोळे मिटून उभा राहतो," मी म्हणालो. "बारा वर्षं. विचारा यांना."

साडू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता. तो साक्षीला उभा राहावा तसा उठला. "खरं आहे, मॅडम. माझा हात असतो याच्या पाठीवर. मीच मोजतो. कधी हललेला नाही."

"हात असतो?" बाईंनी विचारलं. "कुठे? आत्ता ठेवून दाखवता?"

साडूने सवयीने मधोमध तळवा ठेवला. मी डोळे मिटले. त्याने त्याच्या जड आवाजात दहापर्यंत मोजलं. डोळे उघडले तर पडद्यावर वाटाण्याएवढा डाग होता.

"बघितलंस?" साडू खुशीत म्हणाला. "हलतोय कुठे?"

बाईंनी त्याला फक्त एक बोट ठेवायला सांगितलं, तेही हलकं, न दाबता. पुन्हा वाटाणा. मग बोट काढायला सांगितलं. माझे डोळे मिटलेले होते, तरी मला साडूचा श्वास अडकलेला ऐकू आला, त्यावरून ठिपका काय करतोय ते कळलं.

"काका," बाई साडूला म्हणाल्या, "तुमच्या हातानेच ते उभे राहतात. पाठीला नुसता स्पर्श पुरतो. मागे काहीतरी आहे एवढं शरीराला कळलं की ते स्वतःला त्याच्यावर बेतून घेतं. हात लावून तोल तपासता येत नाही. हात लावला की कुणीही उभं राहील."

साडू आपल्या तळव्याकडे बघत राहिला. मला त्याची कीव आली, आणि लगेच स्वतःची जास्त आली.

बाईंनी व्यायाम लिहून दिले. हनुवटी मागे घ्यायची, भिंतीला टेकून उभं राहायचं, उशीवर एका पायावर उभं राहायचं. उंचीवर चढू नका, म्हणाल्या. किती दिवस, मी विचारलं. त्यांनी खोटा धीर दिला नाही. काहींचं दुखणं कमी होतं, काहींचं होत नाही, अकरा वर्षांचं आहे, मी दिवस सांगू शकणार नाही. असं खरं बोलणारी माणसं कमी भेटतात आणि भेटतात तेव्हा नकोशी वाटतात.

बाहेर आम्ही स्कूटरजवळ आलो. साडूने चावी लावली नाही. दोघांच्याही डोक्यात एकच माणूस आला होता, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या जोडीतला वरचा मनोऱ्यावरून पडला होता. हूक बदलताना. त्या सकाळी त्याच्या खालच्याने नीट दहा मोजले होते, आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. वारा सुटला होता असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो होतो. मला आता वारा आठवेना.

"टोळीत बोलायचं नाही," साडू म्हणाला.

"साडूभाऊ, रोज चार जोड्या मोजून वर जातात."

"मग काय करायचं? पाठीवरचे सगळे हात खोटे म्हणून सांगायचं? उद्या कोण चढेल? आणि त्या पडलेल्याच्या खालच्याला काय वाटेल, याचा विचार केलास?" मग तो हळू म्हणाला, "आणि आपलं काय?"

अकरा वर्षं निभावलं तशी अजून तीन निभावतील, असा मी हिशेब केला. फक्त साडूच्या निवृत्तीपर्यंत. वेडेपणा होता. पण पर्याय नसला की वेडेपणासुद्धा शहाण्यासारखा बोलतो.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या टाकीवर काम होतं. गाडीतून उतरलो, पट्टा बांधला, पाय जुळवले. साडूने हात ठेवला. नेहमीसारखा गरम, रुंद हात. मी डोळे मिटले आणि पहिल्यांदाच मला तो जाणवला. मी त्याच्यावर रेललो होतो. अगदी थोडासा, मुलं झोपेत आईला टेकतात तेवढा. बारा वर्षं मी रोज सकाळी या माणसाला टेकून उभा होतो आणि आम्ही दोघं त्याला माझा ताठपणा समजत होतो. साडूने दहा म्हटलं. त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

शिडी सोपी गेली. शिडीवर हातांना धरायला असतं. टाकीच्या पोटाखाली गोल सज्जा आहे, तिथे उभं राहून मान पूर्ण मागे टाकून डोक्यावरचा भाग रंगवायचा असतो. दुपारपर्यंत मी एका हाताने कठडा धरून रंगवत होतो, म्हणजे अर्ध्याच वेगाने. मग हूक बदलायची वेळ आली. मान वर होती. हूक काढला आणि टाकी सरकली. टाकी सरकत नसते हे मला माहीत होतं. तरी ती डावीकडे सरकली आणि मी तिच्या मागे गेलो. कठड्यावर छाती आपटली. रंगाचा डबा उलटून खाली गेला. मी सज्ज्यावर बसलो, गजाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि तिथून उठता येईना. खालून साडू हाका मारत होता. तो म्हणत होता, "हूक लाव. आधी हूक लाव." हूक माझ्या मांडीवर पडला होता आणि तो उचलायचा तर एक हात सोडावा लागणार होता.

दुसऱ्या जोडीचा वरचा चढून आला आणि त्याने मला खाली आणलं. वीस मिनिटं लागली म्हणे. मुकादम खाली उभा होता. मुकादम वाईट माणूस नाही, पण त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"काय झालं?"

"डोकं दुखत होतं," मी म्हणालो.

"तुझं कधी दुखत नसतं?" तो म्हणाला. दोघे-तिघे हसले. मग मुकादमाची नजर माझ्या हातांवर गेली, मी अजून शिडीचा गज सोडला नव्हता.

मला वर पाठवायचं नाही, हे त्याने तिथेच ठरवलं. त्यात चूक काही नाही, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. संध्याकाळी गाडीत त्याने हलक्या आवाजात सांगितलं की सोमवारपासून नवी जोडी मागवतो. साडू माझ्या शेजारी बसला होता. तो लगेच म्हणाला, "नवी कशाला? जोडी आहे. मी वर जातो, हा खाली."

"तुमचा गुडघा?"

"गुडघ्याला काय झालंय? बरा आहे."

मुकादमाने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. टाकीचं काम आधीच रखडलं होतं आणि नवी माणसं यायला वेळ लागतो, त्यामुळे त्याला फार पटवावं लागलं नाही.

त्या रात्री बायकोने विचारलं, दाजींचा गुडघा खरंच बरा आहे का? मी म्हणालो, ते म्हणतात. मग तिने व्यायामाचा कागद माझ्यासमोर ठेवला. मी भिंतीला टेकून हनुवटी मागे घेत उभा राहिलो. दहा वेळा, मग आणखी दहा वेळा. पट्टा एका भोकानेही सैल झाला नाही. सोमवार दोन दिवसांवर होता, आणि अकरा वर्षांची मान शनिवार-रविवारात थोडीच सुटी होणार होती?

सोमवारी सकाळी ऊन स्वच्छ होतं. वारा नव्हता. साडूने माझा पट्टा स्वतःच्या कमरेला बांधला, शेवटच्या भोकापर्यंत ओढला आणि तरी तो पोटावर नीट बसेना. त्यावर त्याने काहीतरी विनोद केला, मी हसलो. बारा वर्षांनी तो वर चालला होता आणि नवऱ्या मुलासारखा खूश दिसायचा प्रयत्न करत होता. मुकादम चार पावलांवर कागद घेऊन उभा होता.

"मोज," मुकादम म्हणाला.

साडूने पाय जुळवले. डोळे मिटायच्या आधी तो मान न वळवता मला पुटपुटला, "हात नीट ठेव."

त्याला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. मी त्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध तळवा ठेवला. शर्ट आत्ताच घामाने ओला झाला होता. एक म्हटलं, दोन म्हटलं. तीनला त्याचा दुखरा गुडघा थरथरला आणि सगळं वजन माझ्या हातावर आलं. हळूहळू येत होतं, तो स्वतःला सोपवत होता. मी मनगट ताठ केलं. तळवा काढायला एक क्षणसुद्धा लागला नसता. काढला असता तर तो हलला असता, मुकादमाने पाहिलं असतं, आणि जोडी फुटली असती आणि तो जमिनीवर राहिला असता. हे सगळं पाच आणि सहाच्या मध्ये माझ्या समोर अगदी स्पष्ट होतं. सातला मी आणखी जोराने रेटलं. आठ, नऊ.

"दहा," मी म्हणालो.

तो चढला. मी दिवसभर वर बघत राहिलो. मान मागे टाकून, दोर हातात धरून. डोकं असं दुखलं की डोळ्यांतून पाणी आलं, पण मी नजर काढली नाही, जसं काही माझ्या बघण्याने त्याला धरून ठेवता येणार होतं. त्याने सहा वेळा हूक बदलला. मी सहाही वेळा श्वास घेतला नाही. संध्याकाळी तो खाली आला तेव्हा त्याचं तोंड राखेच्या रंगाचं झालं होतं. "जमलं," तो म्हणाला आणि गाडीच्या पायरीवर बसला. गुडघ्याला हात लावला नाही. सगळे बघत होते म्हणून.

घरी येऊन मी हातपाय धुतोय तोच फोन वाजला. बायकोने माझ्या हातात दिला. तिची ताई होती, साडूची बायको. मला वाटलं आता ती मला झापेल. यांना छप्पन्नाव्या वर्षी वर का चढवलंत, म्हणेल. मी तयारीत होतो. झापलं असतं तर बरं झालं असतं.

"भाऊजी, हे म्हणतात वर गेले होते," ती म्हणाली. "मी सकाळपासून घाबरले होते. पण हे म्हणाले, मोजायला तुम्ही होतात."

"हो ताई."

"तुम्ही हात लावून बघितलंत ना नीट?"

मी ओट्याची कड धरली. बायको माझ्याकडे बघत होती.

"बघितलं," मी म्हणालो.

"मग मला काळजी नाही," ती म्हणाली. "उद्याही तुम्हीच मोजा, हं. दुसऱ्या कुणाला मोजू देऊ नका."